येथे फ्री दुरुस्त करून मिळेल

३ जानेवारी

ही डायरी फ्री मिळाली. कळंबच्या कृषी सेवा केंद्रात पाइपाची क्लिप आणायला गेलो होतो, तर दुकानदाराने आपणहून हातात ठेवली. म्हणाला, "न्या तात्या, फ्री हाय." क्लिप दहा रुपयांची आणि डायरी एवढी जाडजूड. प्रत्येक पानाच्या तळाशी एकेका औषधाचं नाव छापलंय. आजच्या पानावर करप्याचं औषध आहे.

सात-बारावर माझं नाव आहे म्हणून मला शेतकरी म्हणायचं, नाहीतर जन्म गेला एस्टीच्या वर्कशॉपात. चौतीस वर्षं इंजिनं उघडली आणि मिटली. सुट्टीला महाळुंग्याला यायचो, जेवायचो, झोपायचो, परत जायचो. रान बायकोने, साळूने बघितलं. रिटायर झालो तरी तेच, ती रानात आणि मी ओट्यावर पेपर वाचत.

साळू होती तेव्हा बोलायचं काम तिचं आणि ऐकायचं माझं. ती जाऊन साडेआठ महिने झाले. घरात आवाज म्हणजे एक पंख्याचा आणि दुसरा माझ्या खोकल्याचा. कुणाशी तरी बोलावं म्हणून हे लिहायला घेतलंय. जमेल तसं लिहीन.

६ जानेवारी

सुदर्शनचा फोन आला. तो चिंचवडला असतो, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सून सोनल बँकेत, नात श्रेया आठवीत. म्हणाला, "तात्या, तुम्ही तिकडं दिवसभर फ्रीच असता. इकडं राहायला या. आईचं वर्षश्राद्ध झालं की घराला कुलूप लावू."

मुलगा वाईट नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. पण तो फ्री शब्द दिवसभर डोक्यात खुटखुटत राहिला. वर्कशॉपात फ्री हा आनंदाचा शब्द होता. गंजून जाम बसलेला नट असायचा, त्याला रॉकेल पाजायचं, तासभर थांबायचं, हलक्या हाताने ठोकायचं, आणि तो फिरला की सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं, "झाला फ्री!" मग चहा. सुदर्शनच्या तोंडचं फ्री तसलं नव्हतं. उतारावर गाडी फ्रीवर टाकली की इंजिनाचा चाकांशी संबंध राहत नाही, ती नुसती घरंगळत जाते. तो मला त्या अर्थाने फ्री म्हणाला, आणि खोटं बोलला असंही नाही.

मी म्हणालो, "वर्षश्राद्धापर्यंत थांब. तोवर गावाला माझा काही उपयोग आहे असं दिसलं तर इथंच राहतो. नाही दिसलं तर मुकाट्याने येतो." तो लगेच "बरं" म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला की मनातल्या मनात त्याने माझी बॅगसुद्धा भरली असावी.

८ जानेवारी

बोर्ड तयार केला. जुन्या कपाटाची फळी, त्यावर पांढरा रंग, त्यावर लाल अक्षरं: 'येथे औषधाचे पंप, मिक्सर, शिलाई मशीन फ्री दुरुस्त करून मिळेल.' अंगणातल्या लिंबाला टांगला.

मुद्दाम फ्री लिहिलं. फुकट म्हटलं की माणूस ओशाळतो, फ्री म्हटलं की हात पुढे करतो. एस्टीतच बघावं. पंच्याहत्तरी झाली की प्रवास फ्री, कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून देतो, आणि भलेभले बागायतदार ते तिकीट खिशात घालून ऐटीत खिडकीला बसतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आमच्या सगळ्यांचाच जन्म एक जूनला लावला होता, त्यामुळे गावातले आम्ही सात म्हातारे गेल्या एक जूनला एकदमच फ्री झालो.

हत्यारांची पत्र्याची पेटी पलंगाखालून ओढून काढली. वरच्या कप्प्यातलंच सामान घेतलं. तळाशी हात घातला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. वर्षाच्या आत सण करायचा नसतो, म्हणून तिळगूळ नाही. पण बोर्डाने काम केलं. सहा दिवसांत पाच पंप आणि दोन मिक्सर. पंपांत फारसं काही नसतंच, वायसर गेलेला नाहीतर नोझलात कचरा. तरी लोक दोन-दोन हजार घालून नवा घेतात.

सगळ्यात पहिल्या पारूबाई आल्या. ओढ्यापलीकडचं रान त्यांचं. साळूच्या मैत्रीण, तिच्याच वयाच्या. सकाळी पंप नेला आणि संध्याकाळी मेथीच्या दोन जुड्या घेऊन परत आल्या. मी घेतल्या नाहीत.

"वहिनी, बोर्डावर फ्री लिहिलंय."

"आवं तात्या, रानातली हाय. इकत न्हाई आणली."

"असू द्या. मला काही नको."

त्या जुड्या हातात धरून जरा वेळ उभ्या राहिल्या, मग गेल्या. नंतर मिक्सर नेलेल्या लंकाबाईंनी ताक आणलं, तेही परत पाठवलं. कुशाबाई मापभर बाजरी घेऊन आल्या होत्या, त्यांना तर मी फाटकातूनच हात जोडले. एकट्या माणसाला लागतं किती? आणि घेतलं तर मग ते फ्री कसलं? मी उभ्या नोकरीत कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायलो नाही, आता म्हातारपणी मेथीसाठी हात पसरू का? रात्रीचं जेवण छान गेलं. माझ्या वागण्यावर मीच खूश होतो.

२७ जानेवारी

तेरा दिवसांत एक मिक्सर, तोही परगावच्या पाहुण्यांचा.

याचं कारण मी शोधून काढलंय. फ्रीची लोकांना किंमत नसते. दुकानात साबणावर चमचा फ्री मिळतो, तो चमचा कुणी पाहुण्यांपुढे ठेवत नाही. तशी माझी गत झाली आहे. लोकांना वाटत असणार, फ्री करतोय म्हणजे काहीतरी कच्चंच करत असेल.

पारूबाई पूर्वी रानात जाताना आमच्या अंगणावरून जायच्या आणि साळूला हाक मारायच्या. हल्ली वरच्या बांधाने जातात. ती वाट लांबची आहे. खाली पाणी भरलं असेल.

११ फेब्रुवारी

आज मंचरला गेलो होतो. काम काही नव्हतं. आठवड्यातून दोनदा तरी मी असा जातो, स्टँडवर चहा पितो आणि परत येतो. गाडीत चार माणसं तरी दिसतात.

कळंबला पारूबाईंचा मुलगा नवनाथ गाडीत चढला. पाठीला पंप. मला बघितलं आणि पंप पायांमागे सरकवू लागला. वीस लिटरचा पंप पायांमागे मावतो का?

"काय झालं रे पंपाला?" मी विचारलं.

"काय न्हाई तात्या, जरा दाबच धरत न्हाई."

"मग मंचरला कशाला? अंगणात आणून टाकायचा. अर्ध्या तासाचं काम."

"तुमास्नी कशाला सारखा तरास?"

"त्रास कसला? मी फ्रीच असतो."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्येच तर हाय ना तात्या."

अर्ध्या तासाच्या कामासाठी हा पोरगा दिवस मोडून, पदरचे पैसे घालून मंचरला जातो, पण माझ्या दारात येत नाही. इतकं काय वाईट केलं मी? पंप तर व्यवस्थित करून दिला होता. मला फार लागलं. परतीच्या गाडीत जागा असून मी उभ्याने आलो.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. एस्टीने जादा गाड्या सोडल्या होत्या, भीमाशंकरला जाऊन आलो. रांगेत चार तास. पुढे मागे सगळी कुटुंबंच्या कुटुंबं. कुणी पिशवी धरतंय, कुणी बाटली देतंय, कुणी भांडतंय. माझ्याशी बोललं कोण, तर एक पोलीस. म्हणाला, "बाबा, एका बाजूनं चाला."

लाउडस्पीकरवर हरवलेल्या माणसांची नावं पुकारत होते. अमुक गावच्या अमक्या आजी इथं बसल्या आहेत, त्यांच्या माणसांनी येऊन न्यावं. मी मनात म्हटलं, मी हरवलो तर काय पुकारतील? महाळुंगे पडवळचे भगवंत तात्या इथं बसले आहेत, कुणीतरी यावं. ऐकायला त्या डोंगरात माझं कोणीच नव्हतं. दर्शन घेतलं. देवाकडे काय मागायचं ते आठवेना.

९ मार्च

तीन दिवस चिंचवडला राहून आलो. सवय व्हावी म्हणून सुदर्शननेच नेलं होतं.

त्यांनी माझं सगळं नीट केलं, तक्रारीला जागा नाही. माझ्यासाठी शुगर फ्री बिस्किटांचे चार पुडे आणून ठेवले होते. सोनल ऑफिसला जाताना टीव्ही लावून द्यायची आणि म्हणायची, "तात्या, एकदम फ्रीली राहा हं. आपलंच घर आहे." आपल्याच घरात असं कुणी सांगतं का? पण पोरीच्या मनात तसं नव्हतं.

श्रेयाने वेळापत्रक दाखवलं. "आजोबा, मी रोज साडेआठ ते नऊ फ्री असते. तेव्हा आपण गप्पा मारू." आणि खरंच, घड्याळात साडेआठ वाजले की ती माझ्याजवळ येऊन बसायची. शहाणी आहे. मीच असा करंटा की साडेआठला मला काही बोलायला सुचायचं नाही. दिवसभर सुचलेलं तोवर संपून जायचं.

दुपारी गॅलरीत बसायचो. खाली एकशे चाळीस गाड्या लागतात. त्यातल्या एकाही गाडीचं बॉनेट उघडलेलं मला तीन दिवसांत दिसलं नाही.

२४ मार्च

सुदर्शनला फोन करून सांगितलं, येतो. वर्षश्राद्ध दहा एप्रिलला आहे. अकराला त्याच्याबरोबर गाडीत बसेन. तो म्हणाला, "तात्या, खरंच बरं झालं. मला तुमची काळजी वाटते हो." त्याचा आवाज दाटून आला होता. माझाही आला असता, पण मी फोन ठेवला.

पेटी रिकामी करायला घेतली. पाने, हातोडे, पुली काढायचं हत्यार, सगळं कुणाला तरी देऊन टाकावं. तळाशी साळूचा विळा निघाला. मुठीला तिने निळी चिंधी गुंडाळली होती, ती तशीच आहे. तो तिथं का आहे ते मला माहीत आहे. ते लिहायचं नाही.

१ एप्रिल

आज दुपारी पारूबाईंची सून तेजस्विनी आली. शिलाई मशीनचं मुंडकं टोपलीत घालून डोक्यावर आणलं होतं. शेणाची टोपली नेतेय असं दाखवायला वरून गोणपाट.

"तात्या, चाक नुसतं फ्री फिरतंय. सुई हालतच न्हाई. लगीनसराई आली, सतरा ब्लाउजं पडल्यात माझ्याकडं. मंचरचा मिस्त्री आठ दिवस लागतील म्हणतोय."

उघडून बघितलं. चाकाच्या आतला वायसर झिजला होता. पितळी पट्टीतून नवा कापून घासत बसलो. ती ओट्याच्या कडेला बसली, सारखी रस्त्याकडे बघत.

"कुणाला भितेस?"

"सासूबाईंला. तात्यांकडं जाऊ नगं म्हणल्यात. चोरून आले."

माझा हात थांबला. म्हणालो, "का जाऊ नको? फ्री करतो म्हणून भरवसा नाही माझा?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "भरवसा? तुमच्यावानी हात कळंबात न्हाई कुणाचा. पर तुमी काय घेतच न्हाई. मेथी घेत न्हाई, ताक घेत न्हाई, कुशाआजीला तर फाटकातनंच माघारी लावली. मग माणसानं परत यायचं कोणत्या तोंडानं? एकदा आलं, दोनदा आलं. सारखं नुसतं घ्यायाला आमी काय भिकारी हाय का?"

पट्टी घासत राहिलो.

"साळूमावशी असं न्हाई करायच्या. त्या द्यायच्या बी आन घ्यायच्या बी. म्हणून तर सावड टिकली आमची."

"कसली सावड?"

"आता! तुमाला ठावं न्हाई?" ती हसली, आणि मग माझं तोंड बघून हसायची थांबली. "आमी पाच जणी. आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. मजूर लावायचा न्हाई, पैसं द्यायचं न्हाईत. तिनं आमचा कांदा काटला का आमी तिचा काटायचा. तुमचा कांदा दरसाल कोण काटत व्हतं मग?"

सावड मला माहीत नाही असं नाही. लहानपणी बैलांची, नांगरटीची बघितली होती. पण ती कधीच मोडली असं मी धरून चाललो होतो. आमच्या वावरात बायका यायच्या, गप्पा मारत कांदा काटायच्या, निघून जायच्या. मला वाटायचं, साळूचा लोभ आहे, फुकट येतात. आणि साळू उठून लोकांच्या वावरात जायची तेव्हा वाटायचं, हिला अक्कल नाही, फुकट राबते. ही दोन फुकटं मी कधी एकमेकांना लावून बघितली नाहीत.

तेजस्विनी हळू आवाजात म्हणाली, "गेल्या साली तुमचा कांदा पयला निघाला. आमी चौघीबी येऊन गेलो. मंग रामनवमीला आमचा निघाला, आन मावशी तापानं पडल्या. त्यांचा एक दिस ऱ्हायला आमच्याकडं. सासूबाईंनी कदी तोंडातनं काढलं न्हाई. पर मावशीच्या वाट्याचा वाफा त्यांनी कुणाला काटू दिला न्हाई. पाऊस आला आन सडला त्यो. आवंदाबी एक वाफा ठिवणार म्हणत्यात. घरात रोज भांडण हाय त्याच्यावरनं."

मशीन झाली. चाक फिरवून दाखवलं, सुई खाली-वर झाली. तिने कमरेची पिशवी चाचपली आणि तशीच सोडली. म्हणाली, "मोकळ्या हातानं आले, तात्या. तुमी न्हाईतर माघारीच दिलं असतं."

मी म्हणालो, "पुढच्या वेळी मोकळ्या हाताने आलीस तर मशीनला हात लावणार नाही."

२ एप्रिल

जे लिहायचं नाही म्हणालो होतो ते लिहितो. दुसरं कुणी ऐकायला नाही.

गेल्या रामनवमीला साळूच्या अंगात ताप होता. तरी सकाळी डोक्याला फडकं बांधून ती विळा शोधत होती. म्हणाली, "पारूकडं जायाचंय." मी म्हणालो, "अंगात ताप आणि लोकांच्या वावरात फुकट राबायला निघालीस? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" विळा तिच्या आधी माझ्याच हाती लागला. तो पेटीत टाकला आणि कुलूप लावलं.

ती भांडली नाही. ओट्यावर बसून राहिली, ओढ्याकडं तोंड करून. पलीकडे बायका काटायला बसलेल्या दिसत होत्या. दुपारी एकदा म्हणाली, "माझी वाट बघत असतील." मी पेपर वाचत होतो. चौथ्या दिवशी ती गेली.

ताप होता, तिला जाऊ दिलं नाही, यात माझी चूक नव्हती असं डॉक्टरही म्हणाले असते. पण मी जाऊ शकत होतो. निदान पलीकडे जाऊन सांगू शकत होतो, आज साळूला जमत नाही, तिचा दिवस माझ्याकडे लागला. एवढं बोलायला काय जात होतं? तिने मला काही समजावलं नाही, कारण पन्नास वर्षांत मी कधी विचारलं नाही.

आज खूप रडलो. दिवसाउजेडी, दार उघडं ठेवून.

४ एप्रिल

विळ्याला धार लावली. चिंधी बदलली नाही.

७ एप्रिल

सकाळी सातला ओढा ओलांडला. वरच्या बांधाने नाही, खालून. खाली पाणीबिणी काही नव्हतं.

चौघीजणी कांदा काटायला बसल्या होत्या. पारूबाई, तेजस्विनी, लंकाबाई, कुशाबाई. कडेचा एक वाफा तसाच. मी बांधावर उभा राहिलो. पुढे काय बोलायचं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं.

"वहिनी, साळूचा दिवस राहिलाय तुमच्याकडे. फेडायला आलोय."

पारूबाईंनी तेजस्विनीकडं रागाने बघितलं. तेजस्विनीने खाली मान घातली. मग त्या उठल्या, माझ्या हातातून विळा घेतला, निळी चिंधी बोटाने चाचपली, आणि परत दिला.

"बसा तिकडं. त्या वाफ्याला."

बसलो. कांदा उपटून सुकवलेला असतो, नुसती मान कापायची, बोटभर ठेवून. बघायला सोपं आहे. त्या दोन कांदे कापायच्या तेवढ्यात माझा एक, तोही मान न ठेवता. लंकाबाई ओरडल्या, "आवं तात्या, नट न्हाई त्यो, कांदा हाय! पिळताय कशाला?" सगळ्या हसल्या. किती दिवसांनी कुणीतरी मला हसलं. नऊच्या सुमारास बोट कापलं, तेजस्विनीने पदराची चिंधी फाडून बांधली.

जेवायला बाभळीखाली बसलो. सावडीत ज्याची भाकरी त्याने आणायची, हे मला कुठं माहीत! माझ्या पिशवीत फक्त चिंचवडचा शुगर फ्री बिस्किटांचा पुडा होता. तोच फोडून मध्ये ठेवला. कुशाबाईंनी एक बिस्कीट चावून बघितलं. "ह्यात साखर न्हाई? मंग पैसं कशाचं घेतलं त्यांनी?" मग सगळ्यांनी आपापल्या फडक्यातलं मला वाढलं. भाकरी, ठेचा, मेथीची भाजी. मी नाही म्हणालो नाही. मेथी साळू करायची तशीच होती, लसूण जास्त.

चार वाजता माझा वाफा निम्मासुद्धा झाला नव्हता. चौघी आपापलं संपवून माझ्याकडे आल्या आणि पाचापर्यंत उरकून टाकलं.

पाठ मोडली होती. बांधाला टेकून पारूबाईंना विचारलं, "फिटला ना तिचा दिवस?"

"न्हाई."

मला वाटलं, काम कमी पडलं. म्हणालो, "उद्या परत येतो."

"तसं न्हवं तात्या." त्या ओढ्याकडं बघत होत्या. "आजचा दिस तुमचा. तुमच्या हातानं केला, तुमच्या नावानं लागला. तिचा ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. तेवढंच तिचं हाय माझ्यापाशी. त्योबी फेडला तर मंग काय ऱ्हायलं?"

त्यांनी पदराने डोळे पुसले, कांद्याने झोंबले म्हणाल्या. मग एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "आता आमच्यावर तुमचा दिस चढला. कवा येऊ त्ये सांगा."

"माझ्या रानात कुठं काय आहे, वहिनी? सगळं पडीक."

"मंग भुईमूग टाका. श्रावणात निंदाया येतो."

"श्रावणात मी इथं नसणार. अकरा तारखेला पुण्याला चाललोय."

"आन आमी तुमचं अंगावर घेऊन बसायचं व्हय?" त्या खरोखर चिडल्या होत्या. "मेथी घ्यायची न्हाई, ताक घ्यायचं न्हाई, आता दिसबी घ्यायचा न्हाई. कसलं माणूस म्हणायचं वो हे?"

१० एप्रिल

वर्षश्राद्ध झालं. सुदर्शन, सोनल, श्रेया कालच आले होते. पारूबाईंनी दोन गोण्या कांदा पाठवला, त्यातली एक सुदर्शनच्या डिकीत ठेवायला लावली. तो "कशाला, कशाला" करत होता. मी म्हणालो, "घे. घ्यावं लागतं."

पाहुणे गेल्यावर त्याने विचारलं, "तात्या, बॅग भरली का?"

मी त्याला पडीक रान दाखवायला नेलं. हरळी गुडघ्यापर्यंत आली आहे. आधी ती काढायची, मग नांगरट, मृगाला पेरणी. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण या वयात हे कोण करणार? आणि कशासाठी?"

"श्रावणात बायका यायच्या आहेत निंदायला. त्यांचा एक दिवस माझ्याकडे राहिलाय. रानात काही नसेल तर त्या काय निंदतील?"

त्याला पटलं की नाही ते कळलं नाही. बराच वेळ बांधावरून इकडे तिकडे फिरला आणि म्हणाला, "श्रावण म्हणजे ऑगस्ट ना?" मी म्हणालो, हो. "मग ऑगस्टनंतर बघू." श्रेया मागून म्हणाली, "आजोबा, मेमध्ये मी अख्खा महिना फ्री आहे. इथं येऊ?" तिला सांगितलं, ये, पण इथं आल्यावर फ्री राहायचं नाही. हरळी काढायची आहे.

११ एप्रिल

गाडी सकाळी गेली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. घरात आलो तर सगळं पुन्हा शांत. वाईट वाटलंच. ते जाणार नाही, आता कळलंय.

बोर्ड खाली काढला आणि फ्री या शब्दावर पांढरा रंग मारला. 'दुरुस्त करून मिळेल' एवढं राहू दिलं. रंग ओला असतानाच नवनाथ पंप घेऊन आला. मंचरला करून आणलेला पुन्हा बिघडलाय. पंपाबरोबर त्याने वांग्यांची पिशवी आणली होती, ती ओट्यावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी पिशवी उचलून आत नेली. वांगी मला आवडत नाहीत.

साळूचा विळा परत पेटीत ठेवला नाही, दाराच्या खुंटीला लावलाय. मंगळवारी कुशाबाईंचा कांदा आहे. मी येतो म्हणून कळवलंय. तो माझा दुसरा दिवस. साळूचा पारूबाईंकडे आहे, तो तिथंच राहू दे.